टर्नटेबल: तीन क्रेडिटचं वाद्य

सुईवाली

नमस्कार मंडळी. संगीताच्या एका जुन्या धाग्यावर मी ओझरतं लिहिलं होतं की इकडे अमेरिकेत एम.एस. करता करता या सेमिस्टरला इलेक्टिव्ह म्हणून टर्नटेबल, म्हणजे डीजेंचं रेकॉर्ड फिरवायचं यंत्र, घेतलंय. त्यानंतर बरेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले. निम्मे 'म्हणजे नक्की काय?' असे, उरलेले 'पैसे जास्त झालेत का?' या अर्थाचे. एकेकाला उत्तर देण्यापेक्षा धागाच काढते.

एक गोष्ट आधीच बाजूला ठेवू. घरी सांगितलं तेव्हा बाबांच्या डोळ्यांपुढे अनंत चतुर्दशी, ट्रक आणि स्पीकरची भिंत उभी राहिली. त्या भिंतीवर इथे पुष्कळ धागे आहेत, भांडण कृपया तिकडेच न्यावं. इथे विषय आहे दोन तबकड्या, त्यांचा आवाज एकत्र करणारा मधला मिक्सर आणि माणसाचे दोन हात.

कोर्सचे दोन भाग. पहिला मिक्सिंग. एक गाणं वाजत असताना दुसरं हेडफोनमध्ये ऐकायचं, दोघांची लय जुळवायची आणि नाचणाऱ्यांना सांधा कळू न देता एकातून दुसऱ्यात जायचं. दुसरा टर्नटेबलिझम. तबकडी हाताने पुढे-मागे करून तिच्यावर मुळात नसलेलं काहीतरी वाजवायचं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, पण एकात मुरलेला माणूस दुसऱ्यात अगदीच कच्चा असू शकतो. आमच्या वर्गात एक मुलगा क्लबमध्ये रात्रभर वाजवतो आणि त्याला साधा बेबी स्क्रॅच, म्हणजे तबकडी नुसती पुढे-मागे करून आवाज काढणं, लयीत येत नाही.

सुरुवातीचे तास नुसता इतिहास. मला वाटलं झोप येणार, पण आली नाही. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली १५२० सेजविक अव्हेन्यू ही इमारत. शाळा सुरू व्हायच्या आधी नव्या कपड्यांसाठी पैसे हवेत म्हणून सिंडी कॅम्पबेल या मुलीने इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली आणि भावाला वाजवायला बसवलं. हा भाऊ म्हणजे कूल हर्क. कुटुंब जमैकाहून आलेलं. हर्कच्या एक गोष्ट लक्षात आली होती: गाण्यात गायक थांबतो, बाकीची वाद्यं थांबतात आणि नुसता ड्रम चालतो, त्या तुकड्याला लोक वेडे होतात. पण तुकडा काही सेकंदांत संपतो. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घ्यायच्या, एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू करायचा.

हर्क सुई बरीचशी अंदाजाने टाकायचा. ग्रँडमास्टर फ्लॅशला ते खटकायचं. तो व्होकेशनल शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला मुलगा. त्याने तबकडीवर रंगीत खडूने खूण केली आणि तुकडा संपला की किती फेऱ्या उलट फिरवायच्या हे घड्याळासारखं मोजायला सुरुवात केली. तबकडीखाली फेल्टची चकती ठेवली, म्हणजे खालची थाळी फिरत राहते आणि वरची तबकडी बोटाखाली निमूट थांबते. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्याच परिसरातल्या ग्रँड विझर्ड थिओडोर या पोराने तबकडी धरून मागे-पुढे केल्यावर होणारा खर्र आवाज लपवायचा सोडून मुद्दाम लोकांना ऐकवला. तो स्क्रॅच.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग, म्हणजे हिशेब. ३३⅓ फेऱ्या मिनिटाला, म्हणजे एक फेरी १.८ सेकंदांची. गाण्याची लय मिनिटाला १०० मात्रा असेल तर एक मात्रा ०.६ सेकंद, म्हणजे एका फेरीत बरोब्बर तीन मात्रा. आठ मात्रांचा तुकडा परत हवा असेल तर ४.८ सेकंद, दोन पूर्ण फेऱ्या आणि वर दोन तृतीयांश. तबकडीच्या लेबलवर चिकटपट्टी लावलेली असते, ती बारा वाजल्यावर असेल तर अडीच फेऱ्यांहून किंचित जास्त उलट फिरवून चारच्या आकड्यावर थांबायचं. हे दुसरी तबकडी वाजतेय तेवढ्या वेळात, हेडफोन एका कानावर ठेवून. फ्लॅशने हे कागदावर समीकरण मांडून केलं असेल असं नाही, पण त्याच्या खुणा याच गणिताच्या होत्या.

मिक्सिंगमधलं गणितही असंच. १२४ च्या गाण्याला १२८ च्या जोडीला आणायचं तर वेग ३.२ टक्क्यांनी वाढवायचा. टेक्निक्सच्या एसएल-१२००एमके२ या टर्नटेबलवर पिचची, म्हणजे वेग बदलायची पट्टी दोन्हीकडे ८ टक्क्यांपर्यंत सरकते. पण वेग वाढला की सूरही चढतो. साधारण ६ टक्क्यांना अख्खा अर्धा स्वर चढतो, म्हणजे काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये जातं. सॉफ्टवेअर सूर जागेवर धरून ठेवतं, तबकडी नाही.

लय नुसती 'जवळपास' जुळून भागत नाही. एक गाणं १२० आणि दुसरं १२०.१ असेल तर मिनिटाभरात ५० मिलिसेकंदांचं अंतर पडतं. तेवढ्यात दोन ड्रम एकावर एक न पडता 'ट्टक' असे दोनदा ऐकू येतात. मग बोटाने तबकडीच्या कडेला हलकं ढकलायचं किंवा थाळीच्या कडेवर बोट टेकवून रोखायचं. कोणती तबकडी पुढे पळतेय हे ओळखणं ही खरी अडचण. नवशिक्याला काहीतरी बिघडलंय एवढंच कळतं, कुठल्या बाजूला ते कळत नाही.

माझं मत सांगून थांबते. विद्यापीठाने मला कान दिला आणि लिहायची पद्धत दिली. हात मात्र वर्गात तयार होत नाही, तो खोलीवर, रूममेट बाहेर गेली की होतो. तुम्हाला काय वाटतं? ही विद्यापीठात शिकायची गोष्ट आहे का?

कोथरूडचा_कावळा

तीन क्रेडिटचे किती डॉलर झाले ते लिहिलं नाहीत. यूट्यूबवर हेच सगळं फुकट आहे. हलके घ्या.

श्रावणी_म

वाचतेय. सूर चढतो ते काळी एक-पांढरी दोनने झटकन समजलं. माझा मुलगा अकरावीला आहे, सध्या याच नादात आहे. माझे प्रश्न नंतर विचारते.

दायाँबायाँ

मस्त धागा. मी तबलावाला, साताऱ्याचा. रेकॉर्डशी संबंध फक्त आजोबांच्या कपाटापुरता.

तुम्ही लिहिलेलं मिलिसेकंदांचं गणित आमच्याकडे लहानपणी थोबाडीत खाऊन शिकवतात. लेहऱ्याच्या, म्हणजे साथीला फिरत राहणाऱ्या धुनेच्या, पुढे गेलास की मागे राहिलास, हे आधी कळत नाहीच. गुरुजी नुसते मान हलवायचे आणि आम्ही घाबरून आणखी पुढे पळायचो.

दोन प्रश्न. एक, या स्क्रॅचना बोल असतात का? आम्ही आधी पढंत करतो, तोंडाने आलं तरच हाताला लावतो. दोन, तुम्ही लिहायची पद्धत म्हणालात, ती कशी असते? मागे-पुढे होणाऱ्या हाताला लिहायचं कसं?

सुईवाली

@दायाँबायाँ, बोल असतात, पण तुमच्यासारखे ठरलेले नाहीत. शिकवणारे तोंडानेच करून दाखवतात, 'विकी-विकी', 'चिर्प', 'झिग'. आणि तोंडाने आलं तर हाताला लवकर येतं हे इथेही खरं आहे.

स्क्रॅचची नावं मात्र ठरलेली आहेत. थोडक्यात:

उजव्या-डाव्या हातांचं काम वाटलेलं असतं. एक हात तबकडीवर, साधारण नऊच्या आकड्याच्या जागी, बोटं सपाट आणि सैल. दुसरा क्रॉसफेडरवर. क्रॉसफेडर म्हणजे मिक्सरवरची आडवी सरकपट्टी. एका टोकाला आवाज बंद, जरासं सरकवलं की पूर्ण उघडा. स्क्रॅचसाठीच्या मिक्सरमध्ये हे अंतर मिलिमीटरभरच ठेवतात.

बेबी स्क्रॅच: फेडर उघडाच, नुसतं पुढे-मागे. फॉरवर्ड: पुढे जाताना उघडा, मागे येताना बंद, म्हणजे एकाच बाजूचा आवाज. चिर्प: पुढे ढकलताना बंद करत न्यायचा, मागे ओढताना उघडायचा, पाखरू बोलल्यासारखा आवाज येतो. ट्रान्सफॉर्मर: तबकडी सावकाश ओढायची आणि तेवढ्यात फेडर उघड-बंद करत आवाजाचे तुकडे पाडायचे. फ्लेअर याच्या उलट, फेडर उघडा ठेवून मध्येच पटकन मिटून पुन्हा उघडायचा, म्हणजे कमी हालचालीत जास्त तुकडे. आणि क्रॅब, तो डीजे क्यूबर्टच्या नावावर आहे: अंगठा एका बाजूने स्प्रिंगसारखा दाबून धरायचा आणि बाकीची बोटं एकामागून एक फेडरवरून घसरवायची. चुटकी वाजवताना बोट जसं अंगठ्यावरून सुटतं तसं, पण चारही बोटांनी ओळीने.

क्रॅब मला येत नाही. येतो तेव्हा लयीत येत नाही, म्हणजे नाहीच.

लिहिण्याबद्दल: २००० साली जॉन कार्लुचिओ आणि त्याच्या साथीदारांनी टीटीएम नावाची पद्धत मांडली. आलेखच तो. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर तबकडी किती फिरली ते. रेघ वर चढली की हात पुढे, खाली उतरली की मागे. चढ जितका उभा तितका हात वेगवान आणि सूर चढा. रेघेवर छेद मारला की तिथे फेडर बंद. आम्हाला घरपाठ असतो: पंधरा सेकंदांचा स्क्रॅच ऐकून तो आलेखात उतरवायचा. आमच्या इंजिनिअरिंगवाल्यांना तो सोपा जातो आणि वाजवणाऱ्यांना अवघड, एवढा एकच घरपाठ असा आहे.

जुनासाऊंडवाला

ठाण्यात बरीच वर्षं साऊंडचं काम केलंय, म्हणून माझे दोन पैसे.

टर्नटेबल घेणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात तीनच तक्रारी असतात. पहिली, 'हम्म्म' असा आवाज येतो. टर्नटेबलच्या मागून एक बारीक वायर लोंबत असते, ती मिक्सरच्या मागच्या ग्राउंडच्या स्क्रूला लावायची असते, ती लावलेली नसते. दुसरी, आवाज अगदी बारीक आणि पत्र्याचा येतो. टर्नटेबल लाइनच्या इनपुटला जोडलेलं असतं. सुईतून निघणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा, शिवाय तबकडी कापताना बेस मुद्दाम कमी आणि ट्रेबल जास्त करून कापतात, नाहीतर खाचा एवढ्या रुंद होतील की गाणीच मावणार नाहीत. तो बेस परत भरून काढायचं काम फोनो इनपुट करतो. तिसरी, आवाज वाढवला की घुमायला लागतं. टर्नटेबल आणि बेसचा स्पीकर एकाच फळीवर ठेवलेत. स्पीकर फळी हलवतो, फळी सुई हलवते, सुई स्पीकरला परत तेच पाठवते. टर्नटेबलखाली काहीतरी मऊ द्या आणि स्पीकर खाली उतरवा.

एसएल-१२०० चं कौतुक उगाच नाही. पट्टा नाही, मोटर थेट थाळीला. सात दशांश सेकंदात पूर्ण वेग घेतो. हाताने तबकडी धरली तरी मोटर रडत नाही. पट्ट्याच्या टर्नटेबलवर स्क्रॅच करायला गेलात तर थाळीच अडखळते. पहिलं मॉडेल १९७२ चं, एमके२ १९७९ चं. २०१० मध्ये कंपनीने बनवणं बंद केलं तेव्हा वापरलेल्यांचे भाव बघून माझे डोळे पांढरे झाले होते. २०१६ ला परत आणलं.

रेकॉर्डप्रेमी

सगळं वाचलं. एकच विचारतो, हे लोक चांगल्या रेकॉर्डवर सुई खरवडतात? माझ्याकडे नाट्यसंगीताच्या ७८ च्या तबकड्या आहेत, चोरबाजारातून एकेक करून जमवलेल्या. हा धागा वाचून मी कपाटाला कुलूप लावलं.

सुईवाली

काका, कुलूप राहू द्या, पण काळजी नको. तुमच्या तबकड्या आमच्या यंत्रावर चालणारच नाहीत. एमके२ ला ३३ आणि ४५ एवढेच वेग आहेत. शिवाय ७८ ची खाच रुंद असते, आमची सुई तिच्या तळाशी लोळेल. आणि शेलॅक, म्हणजे तुमच्या तबकड्यांची लाख, ठिसूळ, हाताने मागे-पुढे केलं तर आधी सुई जाईल आणि मग तबकडी.

खरवडण्याबद्दल तुमचं म्हणणं मात्र बरोबर आहे. एकाच जागी वारंवार मागे-पुढे केलं की खाच झिजते आणि तिथे कायमची खरखर बसते. म्हणून स्क्रॅचसाठी वेगळ्या तबकड्या निघतात, त्यांच्यावर गाणी नसतात, नुसते सुटे आवाज असतात. त्यातले सगळ्यात गाजलेले दोन म्हणजे 'आऽऽह' आणि 'फ्रेश'. दोन्ही १९८२ च्या 'चेंज द बीट' या रेकॉर्डच्या शेवटी यंत्रातून काढल्यासारख्या आवाजात बोललेल्या एका वाक्यातले. जगभरचे स्क्रॅच करणारे चाळीस वर्षं तेच दोन आवाज घासतायत.

अनवट

विद्यापीठात शिकायची गोष्ट आहे का, या प्रश्नाकडे येतो, कारण मराठी माणसाला हा प्रश्न नवा असायचं कारण नाही.

पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा हेच म्हटलं गेलं. गाणं वर्गात बसून, तास ठरवून, फी घेऊन, परीक्षा देऊन शिकवतात का? ते गुरूच्या घरी पाणी भरून मिळतं. भातखंड्यांनी बंदिशी गोळा करून स्वरलिपीत छापल्या तेव्हा काही उस्तादांना आपल्या घरावर दरोडा पडल्यासारखं वाटलं. आणि एक टीका तर आजही होते: महाविद्यालयांनी ऐकणारे तयार केले, गवई किती तयार केले?

ती टीका मला अर्धीच पटते. ऐकणारा तयार झाला म्हणून गवयाला राजाच्या दरबाराबाहेर श्रोता मिळाला. सुईवाली यांचं 'कान दिला, हात दिला नाही' हे वाक्य पलुस्करांच्या शाळेतल्या मध्यम विद्यार्थ्यालाही शोभलं असतं. तो विद्यार्थी गवई झाला नाही, पण मैफलीत पुढच्या रांगेत बसून दाद कुठे द्यायची हे त्याला कळू लागलं.

आणि स्वरलिपीचं म्हणाल तर मींड (स्वरातून स्वरात घसरत जाणं) आणि आंदोलन (स्वराचा हेलकावा) कागदावर कधीच नीट उतरलं नाही. तुमचा तो आलेख मला आमच्या लिपीपेक्षा प्रामाणिक वाटतो. हालचालच काढून ठेवतो, स्वराचं नाव देत बसत नाही.

कोथरूडचा_कावळा

+१. पण पलुस्करांनी विद्यार्थ्यांना ठेवून घेऊन, जेवू घालून शिकवलं. तीन क्रेडिटवाले जेवू घालत नाहीत.

जर्सीकर

अनवट यांचा प्रतिसाद आवडला, पण एक फरक सुटतोय. मी इथे न्यू जर्सीत राहतो, ब्राँक्स नदीपलीकडे आहे. पलुस्कर आणि भातखंडे ज्या संगीताला वर्गात आणत होते त्याला राजाश्रय होता, प्रतिष्ठा होती. ही कला गरीब काळ्या आणि लॅटिनो पोरांनी उभी केली, ज्यांच्या शाळांतून संगीताचे तास कमी होत होते. वाद्य घ्यायला पैसे नाहीत, घरात रेकॉर्ड प्लेअर आहे, तर तेच वाद्य. आता तीच गोष्ट महागड्या विद्यापीठात इलेक्टिव्ह झाली आणि तिथे शिकायला कोण बसलंय ते बघा. सुईवाली, राग मानू नका, तुमच्यावर रोख नाही.

म्हणून मला कोण शिकवतं हे महत्त्वाचं वाटतं. २००२ मध्ये न्यूयॉर्कला स्क्रॅच डीजे अकॅडमी निघाली, ती काढणाऱ्यांत रन-डीएमसी या रॅप गटाचा डीजे जॅम मास्टर जे होता, म्हणजे घरचाच माणूस. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याचा खून झाला. एक्स-एक्युशनर्स या डीजेंच्या गटातला रॉब स्विफ्ट न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये शिकवायला गेला. दुसऱ्या बाजूने बॉस्टनच्या बर्कली या संगीताच्या कॉलेजात स्टीफन वेबर, हा प्राध्यापक, संगीत शिकलेला माणूस. त्याने टर्नटेबलचं पाठ्यपुस्तक लिहिलं आणि २००४ च्या सुमारास कॉलेजात टर्नटेबलचा वर्ग सुरू केला. चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मार्क कॅट्झ हे संगीताचे अभ्यासक. त्यांनी डीजेंवर अभ्यासपूर्ण पुस्तक लिहिलं, २०१२ मध्ये. मला दोन्ही प्रकारचे लोक हवेत. फक्त दुसऱ्या प्रकारचेच उरले तर पुढच्या पिढीला वाटेल की स्क्रॅच बॉस्टनला जन्मला.

सुईवाली

@जर्सीकर, राग कसला. आमचे शिकवणारे ब्राँक्सचे नाहीत, पण स्पर्धेतून आलेले आहेत, आणि पहिल्याच तासाला त्यांनी जवळपास हेच सांगितलं. त्यांचा नियम असा की जो स्क्रॅच वाजवाल तो कोणी काढला हे सांगता आलं पाहिजे. परीक्षेत विचारतात.

बाकी युरोपात हे आणखी पुढे गेलंय. स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठात शेटिल फाल्केनबेर्ग हान्सेन यांनी स्क्रॅचिंगवर २०१० मध्ये पीएच.डी. केली. इंग्लंडमध्ये शाळेतल्या पोरांना जीसीएसईच्या, म्हणजे तिकडच्या दहावीसारख्या, संगीताच्या परीक्षेत गिटारऐवजी डेक (डीजेचं साहित्य) वाजवता येतात. आणि रशियन संगीतकार सर्गेई प्रोकोफिएव्हचा नातू गॅब्रिएल याने टर्नटेबल आणि ऑर्केस्ट्रासाठी कॉन्चेर्टो लिहिला, तो २०११ मध्ये बीबीसी प्रॉम्सला, म्हणजे लंडनच्या मोठ्या संगीत महोत्सवाला, वाजला. डीजे स्विच नावाचा माणूस वादक म्हणून मध्यभागी, मागे अख्खा ऑर्केस्ट्रा.

श्रावणी_म

आता माझे प्रश्न. मुलाला आत्ता कंट्रोलर (ते लॅपटॉपला जोडून वाजवायचं यंत्र) घेऊन द्यावा की टर्नटेबल? कंट्रोलरमध्ये ते सिंकचं बटण असतं, दाबलं की लय आपोआप जुळते म्हणे. मग शिकायचं काय? आणि हे बारावीच्या वर्षी करावं का? शेवटचा प्रश्न माझ्या नवऱ्याचा आहे.

जुनासाऊंडवाला

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घरीच द्या, आम्ही त्यात पडत नाही.

आत्ता साधा दोन चॅनलचा कंट्रोलर घ्या. टर्नटेबल दोन लागतात, वर मिक्सर, सुया, आणि तबकड्यांचा खर्च तर थांबतच नाही. पोराचा नाद सहा महिने टिकला तर पुढचं बघा. हेडफोन मात्र बरे घ्या, बंद कपांचे, एक कप मागे वळवता येणारे.

सिंक वाईट नाही. पण मी बघितलेलं सांगतो. लग्नाच्या हॉलमध्ये एक पोरगा सिंकवर वाजवत होता, सॉफ्टवेअरने जुन्या गाण्याची लय चुकीची ओळखली. जुनी हिंदी गाणी माणसांनी वाजवलेली, लय अंतऱ्याला सरकते, यंत्राला ते झेपत नाही. दोन ढोलक एकमेकांच्या अंगावर पडले आणि पोरगा स्क्रीनकडे बघत बसला, कारण स्क्रीनवर सगळं जुळलेलं दिसत होतं. वरातीतल्या मामांनी त्याला काय सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही.

सुईवाली

वरच्याला जोडून: श्रावणीताई, त्याला सांगा की रोज थोडा वेळ सिंक बंद आणि स्क्रीन झाकून वाजव. आमच्या वर्गात लॅपटॉपवर रुमाल टाकतात. आणि लय जुळली म्हणजे मिक्स झालं असं नाही. नाचाची गाणी साधारण आठ आवर्तनांच्या, म्हणजे बत्तीस मात्रांच्या खंडांत बांधलेली असतात. नवं गाणं खंडाच्या समेवर आणलं तर ऐकणाऱ्याला ते त्याच गाण्याचा पुढचा भाग वाटतो. मधेच आणलं तर लय जुळूनही कानाला टोचतं. शिवाय दोन बेस एकत्र वाजू द्यायचे नाहीत, एकाचा बेस इक्यूवर (बेस-ट्रेबल कमी-जास्त करायच्या बटणांवर) पूर्ण खाली आणि त्याच क्षणी दुसऱ्याचा वर. ही दोन कामं सिंक करत नाही. अकरावी-बारावीचा मुलगा हे कंट्रोलरवर अगदी नीट शिकू शकतो.

कोथरूडचा_कावळा

परीक्षेत काय असतं ते सांगा. चेष्टा नाही, खरंच विचारतोय.

सुईवाली

कावळेबुवा गंभीर झाले!

तीन भाग. एक, पंधरा मिनिटांचा मिक्स, तबकड्यांवरच, सिंक नाही. गाणी आपली, पण निदान एकदा लय दुप्पट किंवा निम्मी असणाऱ्या गाण्यात जाऊन दाखवायचं, म्हणजे ७० वरून १४० ला वगैरे. दोन, मिनिटाभराचं स्क्रॅचचं रूटीन, मागे ठेका चालू. त्यात सुरुवातीला साधा स्क्रॅच एकपट, दुप्पट, तिप्पट, चौपट करून दाखवावाच लागतो. गुण जास्त तिथेच आहेत, भन्नाट प्रकारांना कमी. तीन, आलेख ओळखणे आणि कोणी काय काढलं ते तोंडी.

वर्गातला क्लबवाला मुलगा पहिल्या भागात सगळ्यांच्या वर जाणार आणि दुसऱ्यात घसरणार. माझं उलट व्हायची चिन्हं आहेत.

दायाँबायाँ

एकपट-दुप्पट-तिप्पट वाचून हसलो. आमचा तबल्यातला कायदाच की, आणि काय.

रात्री तुमचा १.८ सेकंदांचा हिशेब डोक्यातून जाईना. १०० च्या लयीत फेरीला तीन मात्रा म्हणालात. मग दादरा सहा मात्रांचा, बरोब्बर दोन फेऱ्या. प्रत्येक सम चिकटपट्टीच्या एकाच जागी येणार! रूपक सातचा, दोन फेऱ्या आणि एक तृतीयांश, म्हणजे सम दर वेळी घड्याळात चार तास पुढे सरकणार आणि तीन आवर्तनांनी मूळ जागी येणार. झपताल दहाचा, तीन फेऱ्या आणि एक तृतीयांश, त्याचंही तसंच. बरोबर आहे का?

सुईवाली

बरोबर! आणि यात आणखी एक गंमत आहे, ती स्क्रॅचच्या तबकड्या बनवणारे वापरतात. खाच गोल गोल आत जाते, त्यामुळे सुई उडून शेजारच्या खाचेत पडली तर ती बरोबर एक फेरी पुढे किंवा मागे पडते, म्हणजे १.८ सेकंद. आवाज दर फेरीला तोच येत असेल तर सुई उडालेली कोणाला कळतच नाही. म्हणून ते लोक आवाज १०० किंवा १३३⅓ च्या हिशेबात भरतात. १३३⅓ ला फेरीत चार मात्रा बसतात.

आता तुमचा दादरा १०० ला तबकडीवर भरला आणि सुई उडाली तर काय होईल बघा. धा धी ना, धा ती ना. तीन मात्रा पुढे पडलं तर धा च्या जागी धा, ना च्या जागी ना, फक्त धी च्या जागी ती. भरी-खालीची अदलाबदल, बस्स.

दायाँबायाँ

आई शप्पथ. आणि त्रिताल १३३⅓ ला घेतला तर उडी बरोब्बर पुढच्या खंडात. पाठवू का दोन्ही रेकॉर्ड करून?

सुईवाली

पाठवा ना! टाइमकोडच्या तबकडीवरून वाजवेन, म्हणजे कापून घ्यायचा खर्च नाही. त्या तबकडीवर गाणं नसतं, एक शिट्टीसारखा सूर असतो, त्यावरून लॅपटॉपला हात कुठे आहे आणि कुठल्या दिशेला जातोय ते कळतं. फाइल डब्ल्यूएव्ही द्या, एमपी३ नको. मेट्रोनोम हेडफोनमध्ये घेऊन वाजवा, त्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये उतरू देऊ नका. लेहरा नको, नुसता ठेका. आणि सुरुवातीला मोकळी जागा ठेवू नका, पहिला धा फाइलच्या पहिल्या क्षणाला.

जुनासाऊंडवाला

बायाँला, म्हणजे डग्ग्याला, माइक वेगळा लाव रे. एकाच माइकमध्ये घेतलंस तर घुमारा सगळं खाईल, आणि तिकडे तिने बेस कमी केला की दायाँही जाईल.